‘छान आहे’ म्हणण्याआधी

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने सत्तरीच्या आसपास हाती कुंचला घेतला, की तिच्या चित्राच्या वाट्याला बहुधा एकच अभिप्राय येतो : ‘छान आहे.’ सून स्वयंपाकघरातून डोकावून तो देते, मुलगा मोबाइलवरची नजर क्षणभर उचलून देतो आणि परदेशातला नातू व्हिडिओ कॉलवर देतो. या शब्दांत प्रेम असते, याविषयी शंका नाही. परंतु वाचकहो, आपण स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा. तेच चित्र आपल्या दहावीतल्या मुलीने काढले असते, तर आपण इतक्या लवकर नजर फिरवली असती का? तिला आपण म्हणतो, ‘हा हात आखूड वाटतो, पुन्हा बघ.’ कारण ती आणखी शिकेल अशी आपली खात्री असते. आजीच्या चित्राला मात्र आपण पटकन ‘छान’ म्हणून मोकळे होतो. त्या घाईत तिच्याकडून काही अपेक्षा ठेवण्याचेही आपण सोडून दिलेले असते.

मी अनेक वर्षे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर ओळखीची ज्येष्ठ मंडळी आपली चित्रे दाखवायला आणतात. त्यांतल्या एका चित्राविषयी, ते काढणाऱ्या बाईंच्या संमतीने आणि त्यांचे नाव न सांगता, आपल्याशी बोलावेसे वाटते. बाई संगमनेरच्या, वय शहात्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. नातू आयर्लंडमध्ये शिकतो. त्याने पाठवलेल्या शुभेच्छापत्रावर एक गुंतागुंतीची गाठ आणि एक वृक्ष छापलेला होता, आणि ‘ही केल्टिक लोकांची गूढ चिन्हे आहेत’ असे त्याने लिहिले होते. बाईंनी त्यांवरून कॅन्व्हास बोर्डवर ॲक्रिलिक रंगांचे चित्र केले. रंगांखाली जाड टेक्स्चर पेस्ट लावून पृष्ठभागाला उठाव दिला. मध्यभागी तीन पाकळ्यांची, वर्तुळात गुंफलेली गाठ. तिच्यामागे फांद्या पसरलेले झाड. कडेने लहान लहान सोनेरी भोवरे. आणि या सगळ्यामागे गडद पार्श्वभूमी.

चित्राकडे वळण्यापूर्वी चिन्हांविषयी थोडेसे, कारण ‘गूढ’ हा शब्द ऐकला की पाहणारा बिचकतो आणि चित्राऐवजी चिन्हांची अर्थावली शोधू लागतो. आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाचे एक प्राचीन दफनस्थान आहे. ते इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० वर्षांचे. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास सकाळचे ऊन तिथल्या अरुंद वाटेने आतल्या दालनापर्यंत पोहोचते. त्या दगडांवर तीन भोवऱ्यांची जोडणी कोरलेली आहे. आज तिला सर्रास केल्टिक म्हटले जाते. पण ती कोरणारे लोक केल्टिक संस्कृतीच्या कितीतरी आधीचे होते. गुंफलेल्या पट्ट्यांची नक्षी बहरली ती त्यानंतर फार उशिरा, ख्रिस्ती मठांतल्या हस्तलिखितांत. सुमारे ८०० साली तयार झालेले ‘बुक ऑफ केल्स’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ते आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. तीन पाकळ्या म्हणजे कुमारी, माता आणि वृद्धा, हा आज प्रचलित असलेला अर्थ तर विसाव्या शतकात रुजला. रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या १९४८ सालच्या ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकाचा त्यात मोठा वाटा आहे. तात्पर्य, चिन्ह जुने असते आणि त्याला चिकटवलेला अर्थ पुष्कळदा नवा असतो. तो अर्थ पाठ नसेल, तर चित्र पाहण्याचा आपला अधिकार कमी होत नाही.

आणि अशा आकृत्या आपल्याला परक्या तरी कुठे आहेत? संगमनेरजवळच प्रवरेच्या काठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली झालेल्या उत्खननात लाल मडक्यांवर काळ्या रंगाने काढलेल्या भौमितिक आकृत्या सापडल्या, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची एक संपूर्ण संस्कृती या लहानशा गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी एका सलग रेषेने फिरून मूळ ठिकाणी येते. अनंत चतुर्दशीच्या दोऱ्याला चौदा गाठी असतात. बेलाचे पान त्रिदळ असते. बाईंना शुभेच्छापत्रावरची गाठ पाहून अनंताचा दोराच आठवला होता, असे त्यांनी नंतर सांगितले. बोलता बोलता हे कळले म्हणून बरे झाले. कारण चित्र पाहणाऱ्याने पहिली गोष्ट करायची असते ती प्रश्न विचारण्याची, निकाल देण्याची नव्हे.

आता चित्र. मी ते खिडकीजवळ, बाजूने ऊन पडेल असे ठेवायला सांगितले. उठावाचे चित्र समोरच्या ट्यूबलाइटखाली सपाट दिसते. प्रकाश तिरपा आला की पोताच्या सावल्या पडतात आणि हाताने काय केले आहे ते उलगडते. दोन-तीन मिनिटे काहीच बोललो नाही. वाचकहो, ही दोन-तीन मिनिटे फार मोलाची असतात. आपल्या चित्रापुढे कोणी इतका वेळ उभे राहिले, एवढ्यानेही काढणाऱ्याला पुष्कळ काही मिळालेले असते.

सर्वांत चांगले होते ते झाड. शुभेच्छापत्रावरच्या झाडाच्या फांद्या वर जाऊन वळत होत्या आणि मुळांना मिळत होत्या. दागिन्यांवर असते तशी ती गोलाकार, नेटकी नक्षी होती. बाईंच्या झाडाच्या फांद्यांवरून मात्र बारीक रेघा सरळ खाली उतरत होत्या. ओल्या पेस्टमधून कंगवा ओढून त्या काढल्या होत्या. मी विचारले, ‘बाई, या रेघा कशाच्या?’ त्या म्हणाल्या, ‘पारंब्या. आमच्या शाळेपुढं वड होता ना. पोरं लोंबकळायची, मी ओरडायची.’ परक्या देशातला वृक्ष त्यांच्या हातात येता येता वड झाला होता. चित्रात उसने काय आणि स्वतःचे काय, याचा निवाडा करण्यासाठी एवढे पुरेसे होते. मी त्यांना तसे सांगितले, आणि का ते सांगितले : या भागात हात थबकलेला नाही, पोत उगाच शोभेसाठी नाही, पारंबीचा खरखरीतपणा तिथे बोटांना लागतो.

मग दुसरी बाजू. गाठ निर्जीव वाटत होती, आणि त्याला कारण होते. गुंफणीचा एक साधा नियम असतो. पट्टी एका छेदावर वरून गेली, तर पुढच्या छेदावर ती खालून जाते. बाज विणणाऱ्याला आणि तिपेडी वेणी घालणाऱ्या प्रत्येक बाईला हा नियम हाताने माहीत असतो. चित्रात दोन ठिकाणी पट्टी लागोपाठ दोनदा वरून गेली होती. त्यामुळे डोळा तिथे अडखळत होता; गाठ गुंफलेली न वाटता एकावर एक ठेवलेली वाटत होती. मधल्या भागात पेस्टला भेगाही पडल्या होत्या. एकाच वेळी जाड थर दिला की वरचे पाणी आधी उडते, आतला भाग ओला राहतो आणि वाळताना ताण पडून तडा जातो. पातळ थर द्यावा, तो पुरता वाळू द्यावा, मग दुसरा द्यावा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर हे आवर्जून पाळावे लागते. कारण ॲक्रिलिक पाण्यावर चालणारा रंग असला तरी एकदा वाळला की पुन्हा पाण्यात विरघळत नाही.

तिसरी गोष्ट सांगताना मी थोडा थांबलो. गाठीची बाहेरची कडा आणि पार्श्वभूमी यांत मला काहीच फरक दिसत नव्हता. दोन्ही जवळजवळ काळ्या. बाई म्हणाल्या, ‘कडा गडद निळी आहे आणि मागे काळं आहे, सर. मी दोन वेगळ्या ट्यूब वापरल्यात.’ ट्यूब खरोखरच दोन होत्या. पण निळ्यात काळा इतका मिसळला गेला होता, की माझ्याही डोळ्यांना फरक कळेना. मिसळताना त्यांना तो निळाच वाटत होता का, असे मी विचारले. त्या जरा वेळाने म्हणाल्या, ‘मला निळा दिसतच नव्हता, म्हणून ट्यूबवरचं नाव वाचून घेतला.’

खोलीत त्यांची सून होती. ती काहीशी ओशाळून म्हणाली, ‘आई, आम्ही तर सगळे छानच म्हणालो.’ त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, ‘सदतीस वर्षं वह्या तपासल्या. नुसतं छान असं मी कुणाच्या वहीत लिहिलं नाही. काय छान ते लिहायची.’

त्यांच्या त्या वाक्यात रागापेक्षा थकवा अधिक होता. आयुष्यभर ज्या व्यक्तीने दुसऱ्याचे काम मनापासून वाचले, तिच्या कामाकडे आता कोणी तसे पाहत नव्हते. म्हातारपणी माणसाकडे दुर्लक्ष होते ते नेहमी कठोर शब्दांनीच होते असे नाही. कधी कधी ते अतिशय गोड शब्दांनी होते.

निळ्या रंगाविषयीचे बोलणे तिथेच राहिले नाही. वय वाढते तसे डोळ्यातील नैसर्गिक भिंग हळूहळू पिवळसर होत जाते आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा काही भाग अडवू लागते. मोतीबिंदू वाढला की हा पडदा अधिक गडद होतो. काही जणांत तो तपकिरी असतो. गडद निळा आणि काळा, निळा आणि हिरवा यांतले भेद पुसट होतात, उठाव कमी होतो, समोरून आलेला उजेड डोळ्यांवर येतो. हे इतके सावकाश घडते, की ज्याचे त्याला कळत नाही. सुनेने तेव्हाच आठवून सांगितले, की बाई अलीकडे साडीवर चुकीच्या रंगाचे ब्लाउज काढतात आणि घरचे त्याला विसराळूपणा म्हणतात. पुढच्या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांनी तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर बाई गंमत म्हणून एकेक डोळा झाकून पाहत. एका डोळ्याने पांढरी साडी शुभ्र दिसे, दुसऱ्याने चहा सांडल्यासारखी.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचेही असेच झाले होते. १९१२ साली त्यांना मोतीबिंदूचे निदान झाले. रंग ओळखता येईनात, तेव्हा ते ट्यूबवरची नावे वाचून आणि पॅलेटवरचा रंगांचा ठरलेला क्रम पाळून काम करीत. त्या काळातील त्यांची चित्रे लाल-तपकिरी होत गेली. १९२३ साली उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर काही चित्रांवर त्यांनी पुन्हा हात फिरवला. आपल्याकडचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी तर १९५७ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्णपणे गेली. तरीही ते कागद कापून चिकटचित्रे करीत राहिले, आणि शांतिनिकेतनात त्यांनी टाइल्सचे भित्तिचित्रही साकारले. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट केला. तेव्हाची शस्त्रक्रिया आणि आजची यांत फार अंतर आहे. आज मोतीबिंदूला घाबरण्याचे कारण नाही. ही नावे मी घेतली ती वेगळ्या कारणासाठी : डोळा बदलला म्हणून या माणसांचे काम थांबले नाही, कामाची पद्धत बदलली. उठावाचे चित्र हे त्या दृष्टीने ज्येष्ठांना सोयीचे माध्यम आहे. त्यात नजरेच्या जोडीला बोटेही काम करतात.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. चित्रावरून रोगनिदान करू नये. आजोबांनी काळा रंग जास्त वापरला म्हणून ते निराश आहेत, असे ठरवणे जितके सोपे तितकेच चुकीचे. परंतु नेहमीच्या हातात झालेला बदल लक्षात घ्यावा. अक्षर किंवा रेषा दिवसेंदिवस बारीक होत चालली, कंप वाढला, तर तसे डॉक्टरांना सांगावे. एखादी व्यक्ती अचानक कागदाची एकच बाजू वापरू लागली आणि दुसरी तिला जणू दिसतच नसेल, किंवा हात एकाएकी लुळा पडला, तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. तो पक्षाघात असू शकतो. आणि हे बदल कोणाच्या लक्षात येतील? ज्याने आधीची चित्रे नीट पाहिली आहेत, त्याच्याच.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र अभिप्रायाची रीत निराळी ठेवावी. तिथे चुका दाखवून काही साधत नाही. उलट गोंधळ आणि चिडचिड वाढते. तिच्याजवळ बसावे, ‘हा रंग इथं कसा उजळलाय बघा’ असे दिसते ते बोलावे, चित्रावरून आठवण निघाली तर ऐकावी. रंग तोंडात जाणार नाहीत, इकडे मात्र लक्ष ठेवावे. पण तिथेही नजर खरी असावी. पाहण्याचे नाटक त्यांनाही कळते.

इतरांच्या बाबतीत आपण काय करावे? चित्रकलेचे शिक्षण लागत नाही. चित्र उजेडात ठेवावे आणि थोडा वेळ गप्प राहावे. दिसते ते सांगावे : ‘इथं जाड थर आहे, इथं गुळगुळीत आहे.’ मग विचारावे, ‘हे असं का केलंत?’ आवडलेली एक जागा नेमकी दाखवावी आणि न जुळलेली एक. एकच पुरे, दहा दाखवल्या तर तो अभिप्राय उरत नाही, उलटतपासणी होते. न जुळलेल्या जागेसोबत, शक्य असेल तर, एखादा उपायही सुचवावा. चिन्हांच्या अर्थावर वाद घालू नये. आणि समोरची व्यक्ती ‘मला हे असंच हवंय’ म्हणाली, तर ते मान्य करावे. चित्र तिचे आहे.

काम करण्याची सोय पाहणे हाही अभिप्रायाचाच भाग आहे. टेबलावर ठेवता येईल असा लहान ईझल असावा, म्हणजे मान वाकत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यास उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही. बोटांचे सांधे दुखत असतील, तर कुंचल्याच्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून तो जाड करावा. पकड सैल ठेवता येते. पॅलेटवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारावा, म्हणजे रंग लवकर वाळत नाहीत. वाळलेली पेस्ट पॉलिश पेपरने घासू नये. घासावीच लागली तर पाण्याने ओली करून, मास्क लावून घासावी. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर किंचित गडद होतो. म्हणून गडद छटा मिसळताना तो मनातल्यापेक्षा जरा फिकाच ठेवावा आणि कडेला लावून, वाळवून पाहावा. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. आणि कुंचले धुण्याचे भांडे चहाच्या कपाशेजारी मुळीच ठेवू नये. कुंचला कपात आणि कप तोंडात, असे प्रसंग मी पुष्कळ पाहिले आहेत.

ज्या घरात गडद निळा आणि काळा दोरा ओळखताना वडीलधारे अडखळतात, तिथे साठीनंतरची नियमित नेत्रतपासणी लांबवू नये. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, आणि काचबिंदूसाठी डोळ्यांचा दाबही.

बाईंनी ते चित्र दुरुस्त केलेले नाही. शस्त्रक्रियेनंतर त्या त्याच्यासमोर बऱ्याच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘हे माझ्या जुन्या डोळ्यांचं आहे. राहू दे तसंच.’ सध्या त्या नुसत्या वडाचे मोठे चित्र करीत आहेत. गाठ नाही, भोवरे नाहीत. परवा सुनेने त्याकडे नीट पाहिले आणि सांगितले, की डावीकडच्या पारंब्या सगळ्या एकाच लांबीच्या वाटतात, झाडणीसारख्या. बाईंनी चष्मा लावून पाहिले, ‘खरंच की’ म्हणाल्या आणि पेस्टचा डबा उघडायला सांगितला.